मागच्या टायरची साडेसाती

भारतात असताना टायर घेणं म्हणजे काय, तर दुकानासमोर गाडी लावायची, तो जुन्या टायरकडे एक नजर टाकून "ट्यूबलेस टाकू का साहेब" विचारणार, आपण "शेवटचे किती" विचारायचं, विषय संपला. साइज कोण विचारतंय, जुन्या टायरवर छापलेली असते की. सॅन दिएगोला राहायला आल्यावर मात्र कॅलिफोर्नियातल्या ग्लॅमिसच्या वाळूच्या टेकड्यांत फिरायला एक सेकंडहँड छोटी बग्गी घेतली, आणि तिच्या जुन्या टायरवर काहीच छापलेलं नव्हतं कारण जुने टायरच नव्हते, आधीच्या मालकाने मागची दोन्ही चाकं स्वतःकडे ठेवून बग्गी ठोकळ्यांवर उभी करून विकली होती. स्वस्त का मिळाली हे बायकोने लगेच ओळखलं.

बग्गी म्हणजे तरी काय, पाइपांचा सांगाडा, दोन सीटा आणि मागे जुन्या फोक्सवॅगन बीटल गाडीचं 1600 सीसीचं एअर-कूल्ड इंजिन. कागदावर 60 च्या आसपास हॉर्सपॉवर, पण इंजिनचं वय माझ्यापेक्षा जास्त आहे त्यामुळे कागद बाजूला ठेवा. आता याला मागे किती इंची टायर लावायचा एवढाच साधा प्रश्न मी चारचौघांत विचारला आणि जो भेटेल तो एकच सांगायला लागला, मोठा लाव. शेजारी म्हणाला 33 इंची लाव, त्याच्याकडे व्ही-8 म्हणजे आठ सिलिंडरचं दांडगं इंजिन आहे, त्याचं काय जातंय. ऑफिसातला एक म्हणाला मोठ्या टायरने लुक येतो. खरं सांगायचं तर त्या वाळूत टायरची उंची म्हणजे इज्जत, बाकी गणित नंतर.

पण गणित मला सोडेना. मूळ बीटलचा टायर साधारण 25 इंच उंच, आणि कंपनीने सगळे गिअर त्याच हिशोबाने दिलेले. पहिला गिअर 3.80, डिफरन्शियल 4.125, म्हणजे गुणाकार 15.7 च्या आसपास, चाकाची एक फेरी व्हायला इंजिनच्या तेवढ्या फेऱ्या. 30 इंची टायर लावला की चाक एका फेरीत 20 टक्के जास्त अंतर जाणार, म्हणजे तोच पहिला गिअर 13 असल्यासारखा वागणार, इंजिन मात्र तेवढंच. आणि दुसरा गिअर 2.06. पहिल्या-दुसऱ्यात केवढी दरी आहे बघा. रस्त्यावर चालतं हो, वाळूत तुम्ही क्लच दाबला की गाडी जागच्या जागी बसते, दुसरा पडेपर्यंत वेग गेलेला, मग इंजिन गुरगुरतं, आचके देतं आणि बंद, आणि तुम्ही अर्ध्या चढावर पुढचे भाग्य काय या विचारात.

दुकानातल्या माणसाने पहिला प्रश्न विचारला, "हॉर्सपॉवर किती?" मी सांगितलं. त्याने कुणीतरी गेल्यावर करतात तसा चेहरा केला आणि मला मागच्या रॅककडे घेऊन गेला.

तिथे पॅडल टायर होते. साध्या टायरची नक्षी वाळूत फक्त खड्डा खणते, म्हणून याला आडव्या रबरी पट्ट्या असतात, होडीच्या वल्ह्यासारख्या, त्या वाळू मागे फेकतात आणि गाडी पुढे जाते. पट्ट्या जास्त आणि उंच असल्या की पकड जास्त, पण मग ती पकड फिरवायला इंजिनात दम पाहिजे. त्यामुळे आमच्यासारखे गरीब लोक म्हणे पट्ट्या कापून बुटक्या करतात. नवीन टायर पैसे मोजून घ्यायचा आणि घरी आणून कापायचा, हे मी बायकोला अजून सांगितलेलं नाही. वर त्याच्यावर दिशेचा बाण असतो, उलटा बसवला तर वल्ही उलट्या बाजूने चालणार.

मग रिम. माझ्या बग्गीच्या ब्रेक ड्रमला, म्हणजे रिम जिथे बसते तिथे, पाच बोल्ट, 205 मिमीच्या वर्तुळावर, जुन्या बीटलला असतात तसे. स्वस्तात मिळत होत्या त्या सगळ्या रिम 1968 नंतरच्या मॉडेलच्या, चार बोल्टच्या, 130 मिमीच्या. त्यात टायरची उंची इंचात, रुंदी रस्त्याच्या टायरची मिमीत आणि वाळूच्या टायरची परत इंचात, रिम इंचात, बोल्ट मिमीत. हे ज्याने ठरवलं तो नक्की कुठल्या तरी आमच्यासारख्या सोसायटीच्या मीटिंगला बसलेला असणार.

शेवटी 15 बाय 10 च्या, म्हणजे 10 इंच रुंदीच्या रिमवर मन बसलं होतं, रुंद, चमकदार, मागून बघितलं की छाती भरून यावी अशी. बायको मेजरटेप घेऊन गॅरेजमध्ये आली. बग्गीची रुंदी मोजली, ट्रेलरची मोजली, आणि म्हणाली, "अरे, ही ट्रेलरवर चढणार कशी? मडगार्डच्या मधे 77 इंच जागा आहे, तुझी ही 79 होतीये." गिअर रेशो, हॉर्सपॉवर, पॅडल, सगळं एका बाजूला आणि ती दोन इंच एका बाजूला. पॅडल टायर डांबरावर चालवायचे नसतात, म्हणजे ट्रेलरशिवाय ग्लॅमिस नाही. मग 8 इंची रिम आली, वर 28 इंची टायर, पट्ट्या कमीवाला.

हवा 10 पीएसआय. व्हिडिओ कॉलवर साताऱ्याहून बाबांनी टायर बघितला, म्हणाले, "पंक्चर आहे बघ." मी म्हटलं बाबा, वाळूत असाच ठेवतात, टायर पसरला की गाडी रुतत नाही. "असेल," म्हणाले, "पण परत येताना हवा भरून घे."

वाळूत बग्गी छान चालते, दुसऱ्या गिअरमध्ये बारीकसारीक टेकड्या आरामात चढते. ऑल्ड्समोबाइल हिल या तिथल्या मोठ्या टेकडीच्या वाटेला आम्ही जात नाही, ती बघायची जागा आहे. परवा शेजारच्या कॅम्पमधला एक जण बिअर घेऊन आला, मागच्या चाकाभोवती फिरून, वाकून बघितलं आणि अगदी काळजीने विचारलं की चुकून पुढचे टायर मागे बसले आहेत का. मी म्हटलं हो, पुढे सायकलचे लावलेत. तो पुढे जाऊन बघून आला.