'टीबीला खर्चच नाही' म्हणणाऱ्या त्या मेसेजला उत्तर, आईच्या वहीतून

गेल्या आठवड्यात एकच मेसेज मला पाच ग्रुपवर आला, त्यातला एक आमच्या भावकीचाच ग्रुप, आणि खाली अंगठ्यांची नुसती रांग, म्हणून गप्प बसवेना. मेसेज थोडक्यात असा: टीबीचं औषध सरकार फुकट देतं, वर महिन्याला हजार रुपये खात्यात टाकतं, तरी लोक बेफिकिरीने कोर्स अर्धवट सोडतात. शंभरातले पंच्याऐंशी-नव्वद बरे होतात, म्हणजे हा आता काही मोठा आजार राहिला नाही, आणि टीबीमुळे देशाचं अमुक कोटींचं नुकसान वगैरे आकडे फंड मिळवण्यासाठी फुगवलेले असतात.

माझ्या धाकट्या भावाला २०२२ ला टीबी झाला. तो इचलकरंजीत मागावर कामाला. आमच्या आईला सगळा हिशेब लिहून ठेवायची सवय, किराणा असो नाहीतर लग्नाचा आहेर, तशी त्याच्या आजारपणाची पण तिने शंभर पानी वही घातली. ती वही समोर ठेवूनच लिहितेय, सोबत जे वाचलंय ते पण सांगते.

"औषध फुकट, मग खर्च कसला?"

औषध फुकट मिळालं हे खरंच आहे आणि त्यासाठी सरकारचे आभारच मानते, एक रुपया लागला नाही गोळ्यांना. पण गोळ्यांपर्यंत पोचायला आम्हाला नऊ आठवडे लागले त्याचं काय? खोकला श्रावणात सुरू झाला, मागावर सुताची धूळ असतेच म्हणून पहिले पंधरा दिवस कोणी मनावर घेतलं नाही, मग एका खाजगी डॉक्टरकडे सिरप, मग अँटिबायोटिक, मग दुसऱ्याकडे इंजेक्शनं, रक्ताच्या तपासण्या, दोन वेळा एक्सरे, एक स्कॅन, आणि शेवटी तिसऱ्याने सांगितलं की सरकारी दवाखान्यात जाऊन थुंकी तपासा. तिथे थुंकीतले टीबीचे जंतू शोधणाऱ्या सीबीनॅट मशीनवर फुकटात निदान झालं. तोवर वहीत बेरीज ११,६०० झाली होती, आणि सरकारी गोळी अजून एकपण पोटात गेली नव्हती.

दुसरा भाग रिक्षा-एसटी आणि खाणं. आईच्या अक्षरात असं लिहिलंय, "रिक्षा ६०, केळी ४०, अंडी डझन ८४, दूध जादा". गोळ्या सुरू झाल्या तेव्हा त्याचं वजन ४१ किलो भरलं, त्या वजनाला रोज तीन गोळ्या, उपाशीपोटी, आणि लघवी लालभडक व्हायला लागल्यावर घरात सगळे घाबरले, ते औषधामुळेच होतं हे आम्हाला कुणी आधी सांगितलं नव्हतं, त्यामुळे परत एक फेरी, परत रिक्षा. असं करत सहा महिन्यात ८,९०० गेले.

आणि सगळ्यात मोठा आकडा वहीत नाहीच्चे, कारण तो खर्च नाही, न आलेला पगार आहे. मागावर पगार आठवड्याला आणि कामावर, पाळी भरली तर पैसे. तो सोळा आठवडे घरी होता, आठवड्याचे ३,२०० धरले तर ५१,२०० रुपये. शेठकडून उचल घेतली ती वेगळीच, तिच्यावर घर चाललं.

सगळं मिळून ७१,७०० रुपये. घरात वर्षाला येणारे पैसे तेव्हा साधारण दोन लाख दहा हजार. म्हणजे वर्षाच्या कमाईच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त.

हे मी माझ्या मनाने मोजत नाहीये, जागतिक आरोग्य संघटना असंच मोजते. दवाखान्याचा खर्च, येण्याजाण्याचा नि खाण्यापिण्याचा खर्च, आणि बुडालेली कमाई, तिन्ही मिळून घराच्या वर्षाच्या उत्पन्नाच्या २० टक्क्यांच्या वर गेले की त्याला घराचं कंबरडं मोडणारा खर्च धरतात. २०१५ नंतरच्या टीबी संपवायच्या धोरणात तीन मोठी उद्दिष्टं होती, रुग्ण कमी करणं, मृत्यू कमी करणं आणि तिसरं म्हणजे असा खर्च एकाही घरावर येऊ नये, आणि हे तिसरं २०२० पर्यंतच गाठायचं ठरलं होतं. वेगवेगळ्या देशांत घरोघरी विचारून सर्व्हे झाले तेव्हा साधारण निम्मी टीबीची घरं या रेषेच्या वर निघाली, आणि नेहमीच्या औषधाला दाद न देणाऱ्या टीबीत तर दहातली आठ. यातल्या बहुतेक देशांत पण टीबीचं औषध फुकटच आहे हो!

"वर महिन्याला हजार रुपये मिळतात"

मिळतात, पण आधी ते हजार नव्हते. निक्षय पोषण योजना एप्रिल २०१८ ला सुरू झाली तेव्हा महिन्याला ५००, हजार झाले नोव्हेंबर २०२४ पासून. माझ्या भावाला ५०० प्रमाणे ३,००० मिळाले आणि ते त्याचा कोर्स संपल्यावर एकदम जमा झाले, कारण खात्याला आधार जोडलेलं नव्हतं. वरच्या बेरजेतून ते वजा केले तरी टक्केवारी तेहेतीसच्या जवळच राहते.

ही योजना नको असं मी अजिबात म्हणत नाहीये, उलट पोषणाचा पैसा वेळेवर मिळाला तर माणसं वाचतात हे आपल्याच देशात सिद्ध झालंय. झारखंडच्या चार जिल्ह्यांत २०१९ ते २०२२ रेशन्स नावाचा अभ्यास झाला, डॉ. अनुराग भार्गव, डॉ. माधवी भार्गव आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. २,८०० पेशंटना दर महिन्याला दहा किलो शिधा दिला, तांदूळ, डाळी, दूध पावडर, तेल, वर व्हिटॅमिनच्या गोळ्या. पहिल्या दोन महिन्यात ज्यांचं वजन पाच टक्के वाढलं त्यांच्यात मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी दिसला. आणि ज्या घरांत बाकीच्या माणसांना पण शिधा मिळाला तिथे त्यांना टीबी व्हायचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी. पहिले दोन महिने बघा, पहिले दोन! आणि आमचे पैसे आले सहा महिन्यांनी.

"लोक बेफिकिरीने कोर्स सोडतात"

हे वाक्य वाचून मला सगळ्यात जास्त राग आला. आधी रजिस्टरमध्ये अशा पेशंटला 'डिफॉल्टर' लिहायचे, कर्ज बुडवणाऱ्याला म्हणतात तसं. २०१३ ला जागतिक आरोग्य संघटनेने तो शब्द काढून टाकला आणि 'पाठपुराव्यातून सुटलेला' अशा अर्थाचा शब्द घेतला, कारण पेशंट सुटतो तेव्हा दरवेळी चूक त्याचीच असते असं नाही. माझ्या भावाने पण दुसऱ्या महिन्यात आठ दिवस गोळ्या घेतल्या नव्हत्या. उलट्या होत होत्या, आणि शेठचा निरोप आला होता की माग दुसऱ्याला देतो, म्हणून तो उठून पाळीला गेला, उपाशीपोटी गोळी घेऊन मागावर बारा तास उभं राहवत नाही म्हणून गोळीच टाळली. आरोग्यसेविका ताई दोनदा घरी आल्या आणि आईने शपथ घातली तेव्हा परत सुरू केल्या. त्याच्या जागी तुम्ही असता तर काय सोडलं असतं, गोळी की नोकरी?

आणि २०२४ चं काय? मार्चच्या सुमारास टीबीच्या औषधांचाच तुटवडा झाला, महाराष्ट्रातपण, केंद्राने राज्यांना पत्र पाठवलं की तीन महिन्यांची औषधं तुमची तुम्ही खरेदी करा. तेव्हा सेंटरवरून रिकाम्या हाताने परत गेलेल्याला पण आपण बेफिकीर म्हणायचं का?

"शंभरातले पंच्याऐंशी-नव्वद बरे होतात"

आकडा चूक नाही, त्याचा अर्थ चूक लावलाय. यश म्हणून जे धरतात त्यात दोन प्रकार असतात, एक 'बरा झाला', म्हणजे उपचार संपताना थुंकीत जंतू नाहीत, आणि दुसरा 'कोर्स पूर्ण केला', म्हणजे गोळ्या संपवल्या पण शेवटची तपासणी हाताशी नाही. दोन्हीची बेरीज म्हणजे ती टक्केवारी. आणि ती कुणातली? ज्यांचं निदान झालं, नोंद झाली, त्यांच्यातली. २०१९ ते २०२१ ला देशभर टीबीचा सर्व्हे झाला त्यात लक्षणं असलेल्यांपैकी ६४ टक्के लोक दवाखान्यात गेलेच नव्हते. आपल्याकडे वर्षाला अंदाजे २७-२८ लाख लोकांना नव्याने टीबी होतो, म्हणजे जगातल्या दर चारातला एक पेशंट आपला, आणि तीन लाखांच्या आसपास माणसं जातात. हा आजार मोठा राहिला नाही म्हणता?

आता बऱ्या झालेल्यांचं बोलू. माझ्या भावाच्या कार्डावर 'बरा झाला' असं लिहिलंय, वजन ४९. आजाराआधी तो चार माग बघायचा. नंतर वर्षभर दोनच झेपले, जिना चढला की धाप लागते, जंतू गेले तरी फुप्फुसावर व्रण राहतात ना. दोन माग म्हणजे पगार निम्मा. कार्डावर तो यशस्वी, आणि घरात वर्षभर अर्धी भाकरी. मुंबईच्या पत्रकार नंदिता वेंकटेशन यांचं उदाहरण तर सगळ्यांना माहीत असायला पाहिजे, टीबीतून त्या वाचल्या पण त्यावेळच्या इंजेक्शनने त्यांचं ऐकणं गेलं. पुढे त्यांनी आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांनी २०१९ ला नेहमीच्या औषधाला दाद न देणाऱ्या टीबीवरच्या बेडाक्विलिन या नव्या गोळीचं पेटंट, म्हणजे ती एकाच कंपनीने विकायचा हक्क, वाढवून द्यायला विरोध केला आणि मार्च २०२३ ला भारताच्या पेटंट ऑफिसने तो अर्ज फेटाळला. त्या इंजेक्शनाच्या जागी गोळ्या आल्या म्हणून आज कितीतरी जणांचे कान शाबूत आहेत. पण 'उपचार यशस्वी' या रकान्यात ऐकू येणारा आणि बहिरा झालेला दोघं एकच धरले जातात.

"आकडे फुगवलेले असतात"

कोटींच्या आकड्यांत अंदाज असतात हे मान्य, कुठली मजुरी धरली यावर बेरीज बदलते. आरोग्याचं नुकसान मोजायला डॅली नावाचं माप वापरतात, ख्रिस्तोफर मरे आणि अ‍ॅलन लोपेझ यांनी ते मांडलं आणि जागतिक बँकेच्या १९९३ च्या अहवालात ते गाजलं. अकाली मृत्यूने गेलेली वर्षं अधिक आजारपणात काढलेली वर्षं, बस, त्यात रुपये नसतातच, मग कुणी फुगवायचे कसे?

आणि रुपयात मोजतात तिथे तर मला वाटतं आकडा कमीच पडतो. आमची भावजय घरी मागासाठी सुताच्या कांड्या भरून चार पैसे मिळवायची, ती दोन महिने त्याच्या उशाशी होती, ते मी वरच्या बेरजेत धरलेले नाहीत. आईने पहाटे उठून पेज केली, डबा नेला, बेडपॅन धुतलं, तिची मजुरी कुठल्याच हिशेबात शून्य. पूर्वी मिरजेजवळ वानलेसवाडीला टीबीच्या पेशंटचं सॅनिटोरियम होतं, तिथे माणूस महिनोन् महिने ठेवायचे. मग १९५६ पासून मद्रासला प्रयोग झाला आणि १९५९ ला दिसलं की घरी राहून औषध घेतलं तरी पेशंट तितकाच बरा होतो. फार मोठी गोष्ट झाली ती, त्यामुळेच आज कोणाला घरापासून तोडावं लागत नाही. पण सॅनिटोरियमच्या नर्सचं आणि स्वयंपाक्याचं काम तेव्हापासून घरातल्या बाईकडे आलं आणि ते कुणी लिहून ठेवलं नाही. आणखी एक, ज्या घराकडे खर्च करायला पैसेच नाहीत, जे स्कॅन न करताच परतले, त्यांचा खर्च कागदावर कमी दिसतो. त्यांना कमी त्रास झाला असा अर्थ होतो का त्याचा?

मेसेजमधली एक गोष्ट मात्र बरोबर आहे, कोर्स पूर्ण करायलाच पाहिजे. म्हणून भावकीच्या ग्रुपसाठी एवढंच: दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर आधी सरकारी दवाखान्यात थुंकी तपासा, स्कॅन नंतर. निदान झालं त्याच दिवशी बँकेचं पासबुक आणि आधार घेऊन जा आणि खातं जोडलंय का ते विचारा, आमच्यासारखं सहा महिने थांबू नका. काही अडलं तर १८००-११-६६६६ हा सरकारचा फुकट नंबर आहे. आणि घरात वही घाला. कुणाला ती कशी मांडायची ते बघायचं असेल तर आईच्या वहीचे फोटो मी पाठवते, ती हो म्हणालीय.