रिमोट माझ्याच हातात होता

भयपट घरी पाहण्यात कसली आली भीती, असे म्हणणाऱ्या माणसाने तो बहुधा भरदुपारी, खिडक्या उघड्या ठेवून आणि मध्ये तीनदा फोनवर बोलत पाहिलेला असतो. चित्रपटगृहातील भीती सामुदायिक असते. आपली किंचाळी इतरांच्या किंचाळ्यांत मिसळून जाते आणि तीत आपला वाटा किती होता, हे कोणाला कळतही नाही. शिवाय खेळ संपला की राक्षस तेथेच राहतो आणि आपण निघून येतो. घरी पाहिलेल्या चित्रपटातील राक्षसाने मात्र जायचे कोठे? त्याच्यासमोर आमचा पॅसेजच असतो.

यावर उपाय म्हणून मी काही वर्षांपूर्वी ज्ञानमार्ग पत्करला. ज्याची भीती वाटते ते कसे बनवले आहे हे एकदा समजले की भीती उरणार नाही, अशी माझी समजूत होती. त्यामुळे १९३३च्या ‘किंग काँग’मधील तो अक्राळविक्राळ वानर बहुतेक दृश्यांत जेमतेम ४५ सेंटिमीटर उंचीचा बाहुला होता आणि त्याच्या अंगावर सशाचे कातडे चढवले होते, हे मला ठाऊक आहे. दर चित्रचौकटीसाठी तो हाताने किंचित हलवावा लागे आणि त्या हातांच्या स्पर्शाने विस्कटलेली त्याची लव पडद्यावर सतत थरथरताना दिसते. १९५४च्या ‘गॉडझिला’ची डरकाळी कोणत्याही प्राण्याच्या घशातून आलेली नसून संगीतकार अकिरा इफुकुबे यांनी डबल बास या वाद्याच्या सैल केलेल्या तारांवर राळ लावलेला चामडी हातमोजा घासून ती काढली, हेही मी येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत असतो. ‘सायको’तील न्हाणीघरात वाहणारे रक्त म्हणजे चॉकलेटचे सिरप, हे तर आता माझ्या मुलालाही पाठ झाले आहे, कारण ते दृश्य आले की मी त्याला ते सांगतो आणि सांगताना पडद्याकडे पाठ करतो.

या मार्गात एकच अडचण आहे. ज्ञान डोक्यात राहते आणि भीती पाठीच्या कण्यात, आणि या दोघांचे एकमेकांकडे येणेजाणे नाही. अचानक मोठा आवाज झाला की सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आसपासच पापण्या मिटू लागतात. बुद्धी सशाच्या कातड्याची माहिती घेऊन पोहोचेपर्यंत मी सोफ्याच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकाला गेलेलो असतो. त्यातून आवाजाचा सगळा कारभार माझ्याच हाती. भयपटातील माणसे आपसांत इतकी हळू बोलतात की रिमोट दाबत दाबत आवाज वाढवण्यावाचून गत्यंतर नसते. आणि तो पुरेसा वाढला, आता शब्द नीट कळू लागले, असे म्हणावे तोच मागचा दरवाजा धाडकन आदळतो. स्वतःच्या हाताने स्वतःच्या पाठीत धपाटा घालण्याची सोय जगातील अन्य कोणत्याही करमणुकीत नसावी.

मध्यंतरी ‘हॅलोविन’ पाहताना धीर गोळा करण्यासाठी मी चित्र मध्येच थांबवले. ते नेमके त्यातील खुन्याच्या मुखवट्यावर थांबले. १९७८ साली तयार झालेल्या या चित्रपटाचे बजेट तुटपुंजे होते, म्हणून एका अंतराळमालिकेतील कप्तानाच्या चेहऱ्याचा बाजारात मिळणारा मुखवटा आणून त्याला पांढरा रंग फासला होता, अशी त्याची सारी कुंडली मला मुखोद्गत होती. चित्र चालू असते तर तो चेहरा अर्ध्या सेकंदात निघून गेला असता. मी त्याला आमच्या बैठकीच्या खोलीत दहा मिनिटांचा मुक्काम दिला. पुढे जायचे तर बटण दाबायचे आणि बटण दाबायचे तर समोर पाहायचे, अशा पेचात मी असताना पत्नी बाहेर आली. तिने पडद्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि विचारले, “अहो, तुम्हा दोघांत जास्त पांढरा कोण?”

ती स्वतः भयपट जमाखर्चाची वही तपासावी तसे पाहते. भुताने दार उघडले तर त्याने ते लावून का घेतले नाही, एवढीच तिची तक्रार असते.

खरी परीक्षा चित्रपट संपल्यावर सुरू होते. ‘जॉज’च्या चित्रीकरणात यांत्रिक शार्क खाऱ्या पाण्यात वारंवार बिघडत असे, म्हणून तो फार वेळ दाखवता आला नाही, आणि न दिसल्यामुळेच १९७५चे प्रेक्षक अधिक घाबरले. आमचा पॅसेज नेमक्या याच तत्त्वावर बांधलेला आहे. त्याच्या दिव्याचे बटण पलीकडच्या टोकाला असून ज्याने ते तेथे बसवले, त्याच्याकडे दिग्दर्शनाचे अंग होते, यात मला शंका नाही.

परवा रात्री दीड वाजता मला तहान लागली. अर्धा तास ती लागलीच नाही असे मानून पाहिले. अखेर उठलो आणि एका हाताने भिंत चाचपत निघालो. मध्यावर आलो असेन, तोच समोरून काहीतरी त्याच भिंतीला चाचपत येत असल्याचे जाणवले आणि माझ्या बोटांना कोणाची तरी थंड बोटे लागली. दिवा लागला तेव्हा मुलगा रिकामी बाटली छातीशी धरून उभा होता. आधी कोण ओरडले, याबद्दल आम्हा दोघांत अद्याप एकमत झालेले नाही. आतून पत्नीचा झोपाळलेला आवाज आला, “तो हातमोजा ठेवा आता आणि येताना दिवा बंद करा.”

दिवा कोणी बंद करायचा, यावर आम्ही दोघे तेथेच बराच वेळ उभे होतो.