‘मांजराला विमानात घेतलंच नाही’ या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

चिंगीसाठी आमच्या दुकानातून घेतलेला पिंजरा विमानतळावर काउंटरवर नाकारला, ती प्रवासाला ठीक असल्याचं डॉक्टरांचं फिटनेस सर्टिफिकेट जुनं म्हणून चाललं नाही आणि मागूनही आम्ही झोपेचं औषध दिलं नाही, असं तुम्ही लिहिलंय. पहिल्या दोन्ही चुका आमच्या आहेत, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. औषधाच्या बाबतीत मात्र उद्याही आम्ही नाहीच म्हणू.

तुमच्या तिकिटावरची ७ किलोची मर्यादा नुसत्या मांजराची नव्हती. मांजर, पिंजरा आणि आत ठेवलेलं सगळं मिळून ती मोजतात. मांजर ५.४ किलो आणि आम्ही दिलेला प्लास्टिकचा पिंजरा २.१ किलो. म्हणजे चिंगी आत बसताक्षणी अर्धा किलो जास्त. तिचं वजन न विचारता पिंजरा विकायलाच नको होता. १.१ किलोच्या कापडी बॅगेत हेच वजन ६.५ भरलं असतं. शिवाय सीटखालची उंची ठरलेली असते. प्लास्टिक जराही दबत नाही, कापडी बॅगेचा वरचा भाग थोडा खाली बसतो. तरी विमान कंपनीने दिलेली मापं टेपने मोजूनच बॅग घ्यावी, आणि आत मांजराला उभं राहून वळता आलं पाहिजे.

मांजराला कडेवर घेऊन बाथरूमच्या काट्यावर उभं राहायचं आणि आपलं वजन वजा करायचं, यात दोन-तीनशे ग्रॅम सहज चुकतात. गादी, पॅड, मांजर सगळं आत घालून चेन लावा आणि सामान मोजायच्या हुकाच्या काट्याला बॅग अडकवा. खाऊचं पाकीट आणि वाटी बॅगेच्या कप्प्यात नको, पर्समध्ये ठेवा.

सर्टिफिकेट सहा दिवस आधीचं होतं, कंपनीला ७२ तासांच्या आतलं हवं होतं. डॉक्टरांची वेळ आम्ही घेतली होती, तेव्हा विमानाची तारीख विचारणं आमचं काम होतं. रेबीजच्या कार्डावर लसीची तारीख, बॅच नंबर आणि डॉक्टरांचा शिक्का आहे, ते ठीक आहे.

आता औषध. विमानाच्या केबिनमधला हवेचा दाब सहा ते आठ हजार फूट उंचीवर असतो तितका असतो. गुंगीच्या औषधाने रक्तदाब उतरतो, शरीराचं तापमान सांभाळणं जड जातं, मांजराला तोल सावरता येत नाही. गुंगलेलं जनावर दिसलं तर काउंटरवरूनच परत पाठवतात. भीती कमी करायचं औषध लागलंच तर ते डॉक्टरांनी तपासून द्यावं आणि आधी घरी देऊन पाहावं, दुकानातून नव्हे. बॅग पंधरा दिवस आधीपासून घरात उघडी ठेवून तिची रोजची चादर आत घातली, तर बराच फरक पडतो. जेवण निघण्याच्या चार-पाच तास आधी, हलकं. वेळ विमानाची धरू नका. ठाण्यातल्या घोडबंदर रोडवर कासारवडवलीहून माजिवड्यापर्यंतच किती वेळ जाईल हे तुम्हाला माहीत आहे. पाणी थोडं थोडं निघेपर्यंत द्या.

तुम्ही लिहिलं नाहीत, पण सगळ्यात मोठा धोका सुरक्षा तपासणीत असतो. तिथे मांजराला बॅगेबाहेर काढावंच लागतं: रिकामी बॅग एक्स-रेमधून जाते आणि मांजर तुमच्या कडेवर. घाबरलेलं मांजर हातातून निसटलं, तर त्या गर्दीत सापडणं फार कठीण. घरूनच हार्नेस घालून निघा, दोरी मनगटाला गुंडाळा, आणि बॅग उघडण्याआधी सीआयएसएफच्या जवानांना बंद खोलीत तपासणी करायची विनंती करा.

पुढच्या वेळी तिकीट काढण्याआधी कंपनीला फोन करा, कारण एका विमानात मोजकेच प्राणी घेतात. इंडिगो केबिनमध्ये पाळीव प्राणी घेत नाही. अकासा एअर आणि एअर इंडिया कुत्रा-मांजर घेतात. वजनाची मर्यादा बदलत असते, म्हणून ती त्याच फोनवर विचारून घ्या. वेब चेक-इनवर विसंबू नका, काउंटरवर लवकर पोहोचा.

पिंजऱ्याचे पूर्ण पैसे आणि सर्टिफिकेटची फी परत देतोय. नवीन सर्टिफिकेट आमच्या खर्चाने. पिंजरा परत आणू नका, चिंगीला डॉक्टरकडे न्यायला तो चांगला आहे. येताना फक्त तिला घेऊन या, बॅगेत बसवून वजन करूनच देऊ.