१०० अब्ज डॉलर : दान नव्हे, बहुतांशी कर्ज

'हवामान बदलासाठी श्रीमंत देश गरीब देशांना दरवर्षी १०० अब्ज डॉलर फुकट वाटतात,' असा संदेश सध्या फिरतो आहे. तो चुकीचा आहे. कोपनहेगनच्या हवामान परिषदेत २००९ मध्ये श्रीमंत देशांनी दिलेलं वचन २०२० पर्यंत हा आकडा गाठण्याचं होतं. ओईसीडी या प्रामुख्याने श्रीमंत देशांच्या आर्थिक संघटनेच्या हिशेबानुसार तो गाठला गेला २०२२ मध्ये. आणि सगळं 'फुकट' तर मुळीच नाही! त्या वर्षीच्या एकूण ११५.९ अब्ज डॉलरांत खासगी गुंतवणूकही धरली आहे. उरलेल्या सरकारी व विकास बँकांच्या पैशातलं सुमारे ६९ टक्के कर्ज होतं, अनुदान जेमतेम २८ टक्के. काही कर्जं सवलतीच्या व्याजाची असतात हे खरं, पण फेडावी लागतातच, तीही बहुधा परकीय चलनात. ज्यांनी कार्बन तुलनेनं कमी सोडला, त्यांनीच ती फेडायची. याला दान म्हणणं अन्यायाचं आहे.