ग्रेट लेक्समध्ये कोस्ट गार्ड कशाला? या दाव्यातला एकेक मुद्दा तपासून बघू

सध्या एक दावा भरपूर शेअर होतोय की अमेरिका आणि कॅनडा आपल्या ग्रेट लेक्समध्ये, म्हणजे दोघांच्या सीमेजवळच्या पाच मोठ्या तलावांमध्ये, कोस्ट गार्डची जहाजं ठेवतात ती निव्वळ पैशाची उधळपट्टी आहे. कारणं चार दिलीयत. तलावात समुद्रासारखा धोका नसतो, हिवाळ्यात पाणी गोठतं मग जहाजांना काम काय, 1817 च्या करारानुसार तिथे शस्त्रं असलेली जहाजं ठेवायला बंदी आहे, आणि सीमारेषा आली की यांना थांबावंच लागतं त्यामुळे तस्कर आरामात निसटतात. ऐकायला पटतं म्हणून पसरतंय, पण यातला पहिला मुद्दा खरा मानून कोणी पाण्यात उतरलं तर जीव जाईल, त्यामुळे गप्प बसवत नाही.

तर आधी तोच. यातल्या सगळ्यात मोठ्या, लेक सुपिरिअरचं क्षेत्रफळ जवळपास 82,000 चौरस किलोमीटर आहे आणि सगळ्यात खोल जागी 406 मीटर पाणी. मधे उभं राहिलं तर कुठलाच किनारा दिसत नाही. नोव्हेंबरमध्ये तिथे जी वादळं येतात त्यात लाटा समुद्रापेक्षा जवळजवळ आणि जास्त उभ्या येतात, म्हणजे एका लाटेतून जहाज सावरतंय तोवर पुढची अंगावर आलेली असते. 10 नोव्हेंबर 1975 ला अशाच वादळात एडमंड फिट्झगेराल्ड बुडालं. साधीसुधी बोट नव्हती ती, 222 मीटर लांबीचं मालवाहू जहाज, पोटात 26 हजार टन लोहखनिज, आणि बुडताना मदतीचा एक संदेशसुद्धा पाठवता आला नाही. 29 माणसं गेली, एकाचाही मृतदेह मिळाला नाही.

आणि त्या रात्री शोधाला कोण गेलं ते बघा, कारण खरा मुद्दा तिथेच आहे. कोस्ट गार्डचा जवळचा टग (जहाजं ओढणारी छोटी बोट) तलावाच्या पूर्व टोकाच्या सू सेंट मरी गावी होता, पण इतक्या वाऱ्यात उघड्या पाण्यात जायची त्याला परवानगीच नव्हती. वुडरश नावाचं मोठं जहाज होतं ते तलावाच्या पार दुसऱ्या टोकाला, डुलुथला, तिथून घटनास्थळी पोचायला त्याला जवळपास एक दिवस लागला. विमान आणि हेलिकॉप्टर आले, पण पाण्यावरून शोध घ्यायला शेवटी मागून येणाऱ्या आर्थर अँडरसन या मालवाहू जहाजालाच विनंती करावी लागली, आणि जे स्वतः नुकतंच त्या वादळातून सुटून खाडीच्या आडोशाला आलं होतं ते परत उलटं फिरून आत गेलं! या घटनेतून जहाजं जास्त होती असा निष्कर्ष कोणी काढूच शकत नाही, त्या रात्री ती कमी पडली.

आता बर्फ. "पाणी गोठतं मग काम काय" हे तर पूर्ण उलटं आहे, गोठतं म्हणूनच काम वाढतं. सू लॉक्स, म्हणजे सुपिरिअर आणि खालच्या तलावांमध्ये जहाजं चढवणारे-उतरवणारे पाण्याचे दरवाजे, साधारण 15 जानेवारी ते 25 मार्च बंद असतात हे खरं, पण बर्फ त्याच्या आधी धरतो आणि नंतरही टिकतो, आणि त्या आधीच्या नि नंतरच्या आठवड्यांत पोलाद कारखान्यांचं लोहखनिज, मिठासारखा माल, सगळं आइसब्रेकरने, म्हणजे बर्फ फोडणाऱ्या जहाजाने, फोडलेल्या वाटेतूनच जातं. अमेरिकेचं मॅकिनॉ हे जहाज 2006 पासून मिशिगनमधल्या शेबॉयगनहून हेच काम करतं. ते सुमारे 80 सेंटीमीटर जाड बर्फातून न थांबता पुढे जाऊ शकतं. सोबत 140 फुटी छोटे आइसब्रेकर टग असतात, जे बुडाजवळून हवेचे बुडबुडे सोडतात म्हणजे बर्फ जहाजाला घासत नाही. कॅनडाकडून सॅम्युएल रिस्ली आणि ग्रिफन येतात. मार्च 2014 मध्ये तर पाचही तलाव मिळून 92 टक्क्यांहून जास्त पृष्ठभाग गोठला होता आणि सुपिरिअरवर मे महिन्यातही बर्फ तरंगत होता.

शिवाय माल ही एकच गोष्ट नाहीये. तलावांना जोडणाऱ्या सेंट क्लेअर नदीत बर्फ अडकून तुंबला की पाणी काठावरच्या घरांत शिरतं, तेव्हा तो फोडायला हीच जहाजं जातात. फेब्रुवारी 2009 मध्ये लेक इरीवर बर्फाचा मोठा तुकडा किनाऱ्यापासून सुटला आणि शंभराहून जास्त मासेमारी करणारे त्यावर अडकले. एकाचा जीव गेला, बाकीच्यांना कोस्ट गार्डची हेलिकॉप्टर आणि स्थानिक पथकांच्या एअरबोटी यांनी मिळून काढलं.

1817 चा करार, म्हणजे रश-बॅगट, खरा आहे आणि आजही लागू आहे. अमेरिका आणि ब्रिटन (कॅनडा तेव्हा ब्रिटिशांकडे होता) यांच्या 1812 च्या युद्धात याच तलावांवर दोन्ही बाजूंचे आरमारी ताफे लढले होते म्हणून तो झाला. पण त्यात बंदी नाही, मर्यादा आहे, आणि ती युद्धनौकांवर: लेक ऑन्टारिओवर प्रत्येकी एक, त्याच्या वरच्या बाकी तलावांवर मिळून प्रत्येकी दोन, 100 टनांपर्यंत, एकेक तोफ. कॅनडाच्या कोस्ट गार्डच्या जहाजांवर तर तोफाबिफा नसतातच. अमेरिकेने आपल्या बोटींवर मशीनगन बसवायच्या ठरवल्या तेव्हा 2003 मध्ये दोन्ही सरकारांनी बोलून हे करारात बसतं असं मान्य केलं. हां, 2006 मध्ये तलावांवर गोळीबाराच्या सरावासाठी 34 जागा ठरवायचा प्रस्ताव आला तो मात्र चुकीचाच होता असं माझं स्पष्ट मत आहे, आणि दोन्हीकडच्या लोकांनी विरोध केल्यावर त्याच वर्षी तो मागे घेतला गेला. पण त्यावरून जहाजंच बेकायदा ठरवणं म्हणजे काहीही!

सीमेचं तर अगदी थोडक्यात. शिपरायडर म्हणून व्यवस्था आहे, 2009 चा करार, एकाच बोटीवर दोन्ही देशांचे प्रशिक्षित अधिकारी बसतात. बोट कॅनडाच्या पाण्यात गेली की सूत्रं कॅनडाच्या अधिकाऱ्याकडे आणि कायदा कॅनडाचा, अमेरिकेच्या पाण्यात आली की अमेरिकेचा. म्हणजे पाठलाग रेषेवर थांबत नाही.

पैशाचा प्रश्न विचारायचाच असेल तर तो वेगळा आहे. ते 140 फुटी टग 1979 पासूनच्या काही वर्षांत सेवेत आलेत, आणि तलावांवर अमेरिकेचा मोठा आइसब्रेकर एकच आहे, मॅकिनॉ. ऐन जानेवारीत तो बिघडला तर त्याच्या जागी कोणाला पाठवणार, हे या दाव्यात कुठेच विचारलेलं नाही.