गॅसच्या जोडाला पांढरी टेफ्लॉन टेप? खुलासा

‘नळाची पांढरी टेपच गॅसला चालते, फक्त चार वेढे जास्त द्या’ असा सल्ला सध्या फिरतो आहे. तो चुकीचा आहे. साधी पांढरी टेप पातळ आणि विरळ असते. जास्त वेढे दिले की ती आटे आवळताना चुरगळते, तिचे तुकडे सुटतात आणि बर्नरच्या बारीक जेटमध्ये अडकतात. गॅससाठीची पिवळी टेप जाड आणि जास्त घनतेची असते. पण नुसत्या रंगावर जाऊ नका, पाकिटावर गॅससाठी असल्याचं छापलेलं हवं.

आटे आधी ब्रशने साफ करा. टोकाचा पहिला आटा मोकळा सोडा. पाइपचं टोक आपल्याकडे धरून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, ताणून, दोन-तीन वेढे पुरेत. उलट गुंडाळलेली टेप आवळताना उलगडते. एकदा आवळलेला जोड मागे फिरवला, तर टेप काढून नवी लावा.

टेप फक्त निमुळत्या आट्यांना. फ्लेअर जोड (नळीचं तोंड पसरवून नटाने दाबलेला), वायसरचा नट, सिलिंडरचा रेग्युलेटर, रबरी नळीचं तोंड इथे ती अजिबात नको. उलट तिच्यामुळे जोड नीट बसत नाही आणि गळतो.

शेवटी साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा. काडी पेटवून कधीच तपासू नका.