जलपर्णीवर भुंगेरे सोडण्याआधी पाण्यातले नत्र मोजा

पौषातल्या एका सकाळी उजनीच्या फुगवट्यावर, भिगवणच्या बाजूला, मच्छीमारांच्या होडीत बसून मी जलपर्णीचे एक रोप पाण्याबाहेर उचलले. पानांवर मसुरीच्या डाळीएवढे, वरची साल खरवडून काढल्यासारखे फिकट चट्टे होते. देठ उभा फाडला, तेव्हा आतल्या तपकिरी भुयारात पिवळसर डोक्याची, पाय नसलेली एक पांढुरकी अळी दिसली. निओकेटिना नावाच्या सोंडवाल्या भुंगेऱ्याची ती अळी. मूळचे दक्षिण अमेरिकेतले हे भुंगेरे 1980 च्या दशकात बंगळूरभोवतीच्या तलावांत सोडले गेले आणि काही तलावांतली जलपर्णी त्यांनी थोड्याच वर्षांत जवळजवळ संपवली. तेव्हापासून ‘भुंगेरे सोडा, नदी मोकळी होईल’ ही मागणी आपल्याकडेही अधूनमधून होत असते. ही कीड मला फार मोलाची वाटते; पण ती कोणत्या पाण्यात आणि कोणत्या हवेत काम करते हे न पाहता तिच्यावर भिस्त ठेवणे मला पटत नाही.

पापुआ न्यू गिनीतल्या सेपिक नदीचा अनुभव या बाबतीत फार शिकवणारा आहे. तिथे सॅल्व्हिनिया हे तरंगते नेचे इतके माजले होते की होड्या चालेनाशा झाल्या होत्या. त्यावर सिर्टोबॅगस हा भुंगेरा सोडला गेला, पण तो सुरुवातीला तग धरेना. कारण शोधले तेव्हा लक्षात आले की त्या पाण्यातल्या वनस्पतीत नत्रच इतके कमी होते की भुंगेऱ्यांची पिलावळ वाढत नव्हती. मग शास्त्रज्ञांनी त्या तणावर चक्क युरिया टाकला. जे तण मारायचे त्यालाच आधी खत घातले, तेव्हा कुठे कीड रुजली, आणि सुमारे 250 चौरस किलोमीटरवर पसरलेले ते तण 1985 पर्यंत 2 चौरस किलोमीटरवर आले.

आपल्या नद्यांची अडचण नेमकी उलटी आहे. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठेतून आणि पवनेतून भीमेत, तिथून उजनीत उतरते, आणि त्याबरोबर नत्र व स्फुरद (फॉस्फरस) दोन्ही येतात. अशा पाण्यातल्या रसरशीत रोपावर भुंगेरे उपाशी राहत नाहीत, उलट जास्त अंडी घालतात. निओकेटिनाच्या ज्या दोन जाती सोडल्या जातात, त्यांपैकी निओकेटिना ब्रुची तर सकस पाण्यातच अधिक फोफावते. तरीही हार भुंगेऱ्याची होते, कारण अंड्यापासून पूर्ण वाढीपर्यंत त्याला अडीच-तीन महिने लागतात आणि अनुकूल हवेत जलपर्णी आठवड्या-दोन आठवड्यांत दुप्पट होते. एक देठ अळीने पोखरावा, तोवर रोपाला नवी पाने आणि शेजारी नवी पिल्ले फुटलेली असतात.

तापमानाचा फास याहून वेगळा आहे आणि तो दक्षिण आफ्रिकेतल्या हार्टबीसपोर्ट धरणावर स्पष्ट दिसला. जोहान्सबर्गचे सांडपाणी त्या धरणात येते, आणि पठारावरच्या हिवाळ्यात तिथे दव गोठते. थंडीत पाने करपतात, त्यांच्याबरोबर कीडही मरते. वसंतात मात्र रोप पाण्यालगतच्या कोंबातून लगेच फुटते, बियाही रुजतात, आणि उरलेल्या मूठभर किडींची संख्या भरून येईपर्यंत उन्हाळा निघून जातो. तिथल्या संशोधकांनी यावर जो उपाय केला तो मला अतिशय शहाणपणाचा वाटतो. मेगामेलस हा रस शोषणारा छोटा तुडतुडा त्यांनी धरणाकाठच्या रहिवाशांच्या मदतीने टाक्यांमध्ये वाढवला आणि निसर्गाने गाठायची संख्या माणसाने आधीच पुरवावी म्हणून 2018 पासून तो मोठ्या संख्येने वारंवार सोडत राहिले. त्याने जलपर्णी खरोखर ओसरली. पाण्यातले नत्र-स्फुरद तसेच राहिल्यामुळे मोकळ्या झालेल्या पाण्यावर पुढे सॅल्व्हिनियाची दुसरी जात पसरली, हेही तितकेच खरे.

आपल्याकडे दव गोठत नाही, हा आपला मोठा फायदा आहे. हिवाळ्यातल्या गार रात्रींनी अळीची वाढ मंदावते, थांबत नाही. आपले नुकसान दुसरीकडे होते. पावसाळ्याचा पूर जलपर्णीचे थरच्या थर किडीसकट वाहून नेतो, आणि उन्हाळ्याच्या तोंडावर पोकलेन लावून उरलेली जलपर्णी काठावर ढिगाने टाकली जाते. या भुंगेऱ्याचा कोष पाण्याखाली मुळांच्या तंतूंत गुंडाळलेला असतो, त्यामुळे त्या ढिगात पुढची सगळी पिढी वाळून मरते. आमच्या भागात मी हे सलग तीन वर्षे पाहिले आणि दरवेळी मन विषण्ण झाले. चट्टे पडलेल्या जलपर्णीचे निदान काही पट्टे काठाशी बांधून राखले, तर पुढच्या हंगामासाठी किडीचे बियाणे जागेवर राहील.

भुंगेरे सोडायचेच असतील तर आधी पाण्यातले नत्र आणि स्फुरद महिन्या-महिन्याने मोजावे, नाल्यांचे सांडपाणी प्रक्रिया करूनच नदीत सोडावे, आणि मग थंडी सरताना, फेब्रुवारीच्या सुमारास, टाक्यांत वाढवलेली कीड भरपूर संख्येने सोडावी. नदीकाठी राहणाऱ्यांनी आपापल्या घाटावर एकेक रोप उचलून पाने पाहावीत आणि चट्टे दिसले तर तारीख व ठिकाण इथे खाली लिहावे.